जुनी स्ट्रिंग क्विल्ट: नाव कोणतं, वय किती आणि मागच्या कागदाचं काय करायचं

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या ओहायोत एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, तुम्हाला क्विल्टचा नुसता टॉप मिळालाय. कापूस नाही, अस्तर नाही, फक्त वरचं जोडकाम. फिक्या हिरव्या कापडात चार टोकांच्या चांदण्या आहेत, चांदणीचं प्रत्येक टोक रंगीबेरंगी अरुंद पट्ट्यांनी भरलेलं आहे आणि मागे वर्तमानपत्राचे तपकिरी तुकडे अजून शिवणीत अडकलेले आहेत. विकणारा म्हणाला, ‘यादवी युद्धाच्या काळातली आहे, रॉकी रोड टू कॅन्सस.’ शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, ‘ही तर स्ट्रिंग स्टार.’ तुम्हाला खरं नाव हवंय, वय हवंय, कागद काढायचा का आणि धुवायचं का तेही हवंय.

उत्तर लांबणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. तो टॉप आज पाण्यात घालू नका. मशिनमध्ये नाहीच, टबातही नाही. का ते पुढे येईल.

स्ट्रिंग म्हटलं की आपल्याला दोरी आठवते. इथे स्ट्रिंग म्हणजे कापडाची अशी अरुंद पट्टी, जिचा दुसरा काहीच उपयोग उरलेला नाही. झगा बेतला, बाही कापली की कडेने जी कातरण पडते ती. एका टोकाला अर्धा इंच, दुसऱ्या टोकाला सव्वा. आपल्याकडे शिंप्याच्या मशिनखाली पायात घोटाळते तीच. स्ट्रिप वेगळी. ती मापून, सरळ, एकसारख्या रुंदीची कापलेली असते. लॉग कॅबिन नावाच्या प्रसिद्ध नमुन्यात मधल्या चौकोनाभोवती अशा मापातल्या पट्ट्या फिरवतात, म्हणून ती स्ट्रिंग क्विल्ट होत नाही. तुमच्या टॉपवर मोजपट्टी ठेवून बघा, एका टोकातल्या दोन पट्ट्यांची रुंदी जुळली तर नशीब.

शिवायची रीत एकदा डोळ्यासमोर आली की पुढचं सगळं सोपं जातं. बाई वर्तमानपत्राचा किंवा जुन्या कॅटलॉगचा कागद हव्या त्या आकारात कापायची. तुमच्या बाबतीत तो पतंगासारखा आहे. पहिली कातरण कागदाच्या मधोमध सुलट ठेवायची. दुसरी तिच्यावर उलटी, कड मिळवून. कडेने कागदासकट शिवण मारायची, वरची पट्टी उलगडायची आणि नखाने दाबून बसवायची. मग तिसरी, चौथी, दोन्ही बाजूंनी कागद झाकेपर्यंत. शेवटी सगळं पालथं करून कागदाच्या कडेने कात्री चालवायची. बाहेर लोंबणारी टोकं पडली की समोर नीटस पतंग तयार. पट्ट्या कितीही वाकड्यातिकड्या असल्या तरी आकार नेमका येतो, कारण माप कागदाने धरलेलं असतं.

कागद लागतो तो उरेबमुळे, म्हणजे तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं म्हणून. कातरण कुठूनही आलेली असते, एक आडवी, एक उभी, एक तिरकी. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावताना जिने हात टेकलेत तिला हे समजावून सांगायला नको. अशा पन्नास पट्ट्या आधाराशिवाय जोडल्या तर चौकोनाची पुरणपोळी होते. कागद त्यांना ताणू देत नाही. टाका बारीक ठेवला की कागदाला भोकांची ओळ पडते आणि काम झाल्यावर तो तिकिटासारखा फाडून काढता येतो. काही बायका कागदाऐवजी जुनं कापड, पिठाच्या पोत्याचं कापड घ्यायच्या. ते आतच राहायचं. अशी क्विल्ट जड होते, भरायला कापूस कमी लागतो, आणि अशा जाड थरांतून सुई जाईना म्हणून पुष्कळदा ती धावदोऱ्याने न भरता जागोजागी दोऱ्याच्या गाठी मारून बांधलेली असते.

आता नाव. माझ्या मते गोंधळ इथेच होतो. ‘स्ट्रिंग’ हे शिवण्याच्या रीतीचं नाव आहे, नमुन्याचं नाही. पट्ट्या कुठल्या, रंग कुठले, याला नावाच्या बाबतीत काही किंमत नाही. नमुन्याचं नाव ठरतं ते खालच्या कागदाच्या आकारावरून आणि ते आकार एकमेकांना कसे जोडले यावरून. त्यामुळे नाव शोधायचं असेल तर पट्ट्यांकडे बघू नका. डोळे जरा बारीक करा, रंग पुसट होऊ द्या आणि फक्त बाह्यरेषा बघा.

तुमच्या चांदणीला चार टोकं आहेत, ती चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे गेली आहेत, टोकं पट्ट्यांची आणि मधल्या जागा एकरंगी. दोन चौकोन शेजारी आले की त्या एकरंगी त्रिकोणांचा शंकरपाळा होतो. हा रॉकी रोड टू कॅन्ससच. विकणाऱ्याचं नाव बरोबर, काळ चूक, काळाकडे येतेच. शेजारच्या आजीबाईंचंही अगदीच चुकलेलं नाही, पण स्ट्रिंग स्टार म्हणताना क्विल्टवाल्यांच्या डोळ्यासमोर बहुधा आठ टोकांची चांदणी असते. आठ शंकरपाळे, प्रत्येक पट्ट्यांनी भरलेला, सगळ्यांची टोकं मध्यावर. पट्ट्या नसतील तर हीच ‘लमॉयन स्टार’. न्यू ऑर्लिन्सशी जोडलेल्या लमॉयन बंधूंवरून ते नाव पडलं असं सांगतात, आणि न्यू इंग्लंडकडे जाईतो त्याचं ‘लेमन स्टार’ झालं. लिंबाचा काही संबंध नाही.

दुसरा लोकप्रिय प्रकार ‘स्पायडर वेब’, कोळ्याचं जाळं. यात पाया त्रिकोणी. एका रीतीत त्रिकोणाच्या मधोमध एकरंगी पतंग बसवतात आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या लावत जातात. असे चार त्रिकोण जोडले की चौकोन होतो, मधे चार पतंगांची चांदणी दिसते. जाळं मात्र अजून कुठेच नसतं. चार चौकोन शेजारी ठेवले की कोपरे जिथे भेटतात तिथे ते उमटतं. पहिल्यांदा शिवताना मी हे विसरले आणि एक चौकोन पुरा करून ‘यात कोळी कुठाय?’ म्हणून नमुना चुकला असं समजून उसवायला बसले होते.

बाकीची पटकन सांगते. चौकोन कर्णात विभागून अर्धा पट्ट्यांचा, अर्धा एकरंगी ठेवला तर ‘रोमन स्ट्राइप’. पट्ट्या चवलीवर चवली रचल्यासारख्या उभ्या रांगेत आणि दोन रांगांमधे एकरंगी पट्टा असेल तर ‘चायनीज कॉइन्स’. ओहायो-इंडियानातल्या आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांच्या काळ्या पार्श्वभूमीवरच्या या क्विल्ट बघण्यासारख्या असतात. चौकोनभर तिरप्या पट्ट्या लावून चार चौकोन फिरवून जोडले की मोठे शंकरपाळे दिसतात. त्याला बहुतेक जण नुसतं ‘स्ट्रिंग क्विल्ट’च म्हणतात.

ही नावं ठेवली कुणी? थोडी बायकांनी, बरीचशी छापखान्याने. सेंट लुईसच्या ‘लेडीज आर्ट कंपनी’ने 1889पासून नमुने टपालाने विकायला सुरुवात केली. विकायचं तर यादीत नाव हवं, क्रमांक हवा. पुढे ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने 1928 ते 1961 एवढ्या काळात हजाराच्या वर नमुने छापले. त्यातले बरेच वाचक बायकांनीच पाठवलेले, आपापल्या गावच्या नावासकट. शिकागो ट्रिब्यूनमध्ये ‘नॅन्सी कॅबट’ या टोपणनावाने सदर चालायचं. एकच आकार तीन वर्तमानपत्रांत तीन नावांनी यायचा आणि एकाच नावाखाली दोन वेगळे आकारही. क्विल्टच्या इतिहासाच्या अभ्यासक बार्बरा ब्रॅकमन यांनी हे सगळं गोळा करून चार हजारांवर नमुने आकारानुसार लावले, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना बोट ठेवायला जागा मिळाली. त्यामुळे ‘खरं नाव’ असं काही विचारू नका. छापील नाव विचारा, कुणी छापलं ते विचारा. शिवणाऱ्या बाईने काय म्हटलं असेल ते बहुधा हाती लागत नाही. मिझुरीत एका चर्चच्या क्विल्ट मंडळात ऐंशी पार केलेल्या एका बाईंना मी त्यांच्या आईच्या अप्रतिम स्पायडर वेबचं नाव विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘आई तिला खाटेवरची म्हणायची. दुसरी सोफ्यावरची.’ माझ्या आजीच्या वाकळींची नावंही अशीच होती: पाहुण्यांची, शेतावरची आणि आजारपणातली.

‘रॉकी रोड टू कॅन्सस’ म्हणजे कॅन्ससची खडकाळ वाट, त्या नावाबद्दल एवढंच. 1854च्या कायद्याने कॅन्सस वसाहतीला खुलं झालं आणि 1862च्या होमस्टेड कायद्याने माणशी 160 एकर जमीन कसायला मिळू लागली. बैलगाड्या तिकडे निघाल्या हे खरं, पण नमुन्याचं नाव त्या गाडीत बसून शिवताना ठेवलं गेलं असं मानायला आधार नाही. असली नावं एका साच्यातून निघत. ‘ड्रंकर्ड्स पाथ’ म्हणजे दारुड्याची वाट या नमुन्यालाच दुसरीकडे ‘रॉकी रोड टू डब्लिन’ म्हणतात. पळून जाणाऱ्या गुलामांना क्विल्टच्या नमुन्यांतून गुप्त खुणा दिल्या जात, ही गोष्टही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. कथा सुरेख आहे. क्विल्टच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तिला पुरावा सापडलेला नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर अलाबामातल्या जीज बेंडला वगळून चालणार नाही. नदीच्या वळणात अडकलेली ही काळ्या शेतकरी कुटुंबांची वस्ती. तिथल्या बायकांच्या क्विल्ट 2002मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि 2006मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांतल्या दहांची तिकिटं काढली. त्यातल्या एका तिकिटावर जेसी टी. पेटवे यांची 1950च्या दशकातली क्विल्ट आहे: लाल-नारिंगी उभे पट्टे आणि त्यांच्यामधे स्ट्रिंगच्या रांगा. इथली नावं छापखान्यातून आलेली वाटत नाहीत. ‘हाउसटॉप’, ‘ब्रिकलेयर’, आणि माझं आवडतं ‘लेझी गॅल’, आळशी पोरीची. नुसते लांब पट्टे जोडायचे, म्हणून आळशी. या क्विल्ट बघून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंद, म्हणजे ठिगळांची रजई, आठवते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यामार्गे आले, त्यामुळे दोन्हींचा धागा आफ्रिकेत जोडायचा मोह होतो. मला तो घाईचा वाटतो. कवंद कडेपासून आत फिरत धावदोऱ्याने शिवतात, ठिगळं थेट खालच्या कापडावर लावत. तिथे कागद नाही, सुटा चौकोन नाही. गोधडीशी तिचं नातं जास्त जवळचं.

आता वय. अमेरिकेचं यादवी युद्ध 1861 ते 1865. तुमच्या टॉपचा त्याच्याशी संबंध नाही, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोवरूनही सांगते, आणि पहिला साक्षीदार मागचा कागद. तुम्ही लिहिलंय की तो तपकिरी झालाय, बोट लावलं की पापडासारखा मोडतो. त्या युद्धापर्यंतचं वर्तमानपत्र चिंध्यांच्या लगद्याचं असायचं आणि ते आजही बऱ्यापैकी पांढरं, लवचीक राहतं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यानंतरच्या दशकांत आला. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग चुरा.

दुसरा साक्षीदार ते हिरवं कापड. पुदिन्याच्या चटणीत दही घातल्यासारखा हा फिका हिरवा. अमेरिकेत त्याला नाइल ग्रीन म्हणतात, आणि 1930च्या दशकात तो घराघरांत होता: स्वयंपाकघराच्या भिंतींना, डब्यांना आणि क्विल्टना.

तिसरा साक्षीदार शोधावा लागेल. कुठल्याशा पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर मोठ्या भोकांची ओळ दिसते का बघा. दिसली तर ते कापड पोत्याचं. 1925च्या सुमारापासून पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य छापील फुलाफुलांच्या सुती पोत्यांतून येऊ लागलं, मुद्दाम, घरच्या बाईने तेच पीठ पुन्हा घ्यावं म्हणून. शंभर पौंडांचं पोतं उसवलं की साधारण वारभर कापड हाती यायचं. शिवण साखळीटाक्याची, बरोबर धागा ओढला की सरसर सुटायची. तो धागाही बायका गुंडाळून ठेवत. 1930च्या दशकातल्या मंदीत या पोत्यांचे झगे झाले, झग्यांच्या कातरणीतून तुमच्यासारखे टॉप झाले.

काळे-करडे बारीक ठिपक्यांचे तुकडे दिसले म्हणून दचकू नका. ते 1890 ते 1910च्या आसपासचे असू शकतात. चिंध्यांचं गाठोडं वीस-तीस वर्षं साठत जातं. वय ठरवताना त्यातलं सगळ्यात नवं कापड धरायचं. हेच कागदालाही लागू. मी नवशिकी असताना एका टॉपमागे 1931ची तारीख सापडली आणि मी मालकीणबाईंना छातीठोकपणे तेच वर्ष लिहून दिलं. दोन आठवड्यांनी दुसऱ्या चौकोनाचा कागद मोकळा केला तर त्यावर दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांची यादी! जुनी वर्तमानपत्रं माळ्यावर पडून होती, बाईने वरची-खालची मिळून वापरली होती. पत्र बदलून द्यावं लागलं. तारीख मिळाली की काम त्यानंतरचं एवढंच कळतं.

पुढे कधी भरलेली क्विल्ट हाती आली तर आणखी एक भाकडकथा तुमच्या वाट्याला येईल. उजेडासमोर धरून कापसात काळे कण दाखवतात आणि म्हणतात, सरकी आहे, म्हणजे सरकी काढायचं यंत्र येण्याआधीची, 1793पूर्वीची. विदर्भातल्या माणसाला यावर हसू येईल. यंत्रातून निघालेल्या हलक्या प्रतीच्या रुईतही सरकीचे तुकडे, पाचोळा राहतोच, आणि तसा कापूस क्विल्टसाठी विसाव्या शतकात सर्रास विकला जात होता.

आता पाणी. स्ट्रिंगच्या टॉपमध्ये दोन-तीनशे वेगवेगळी कापडं सहज असतात. त्यातलं एक लाल किंवा एक गडद निळं सुटलं की तुमचं ते हिरवं कायमचं डागाळलं. खरं तर प्रत्येक कापडावर ओला पांढरा सुती बोळा दाबून तपासायला हवं, आणि दोनशे कापडांना तेवढा धीर कुणालाच नसतो, मला तर नाहीच. त्यातच कागद भिजला की त्याचा तपकिरी रंग कापडात उतरतो. शिवाय न भरलेल्या टॉपची शिवणीआतली दाबपट्टी उघडी असते; कातरणीत ती कधी पाव इंच, कधी दोन धागे. पाण्याच्या वजनाने ती निसटते. धूळच काढायची असेल तर टॉप पांढऱ्या चादरीवर पसरा, वर खिडकीची जाळी ठेवा आणि व्हॅक्यूमची नळी मंद ओढीवर जाळीवरून फिरवा. तपकिरी किंवा काळे तुकडे चुरा होऊन गळत असतील तर ते कापून बदलू नका. जुन्या रंगात लोखंड असायचं, ते धागा आतून खातं. वरून बारीक पारदर्शक नेट घालून कडेने चांगल्या कापडात टाके घेतले की पुरतं.

कागद काढायचा की नाही हे तुम्ही त्याचं काय करणार त्यावर आहे. जपून ठेवणार असाल तर राहू द्या, तोच तुमचा जन्मदाखला. भरून वापरणार असाल तर काढावाच लागेल, कारण आम्ल कापडालाही सोडत नाही. काढताना ओढू नका. डाव्या हाताच्या अंगठ्याने शिवण दाबून धरा, कागद भोकांच्या ओळीवर आधी एकदा पुढे, एकदा मागे दुमडा आणि मग शिवणीला समांतर हलकेच सोडवा. टाक्यांखाली अडकलेली कुसळं बोथट चिमट्याने काढा. चार-पाच चौकोनांवर हात बसला की वेग येतो, आणि मधेच कोंबड्यांच्या खाद्याची अर्धी जाहिरात, कुणाच्या तरी लग्नाच्या बातमीचं एक टोक असं काही वाचायला मिळतं. पतंगाच्या आकारात कापलेली बातमी नेमकी हव्या त्या ओळीवर तुटते.

टॉप ठेवायचा तो प्लास्टिकच्या पिशवीत नाही. धुतलेल्या, कांजी नसलेल्या मांजरपाटात, घड्यांमध्ये आम्लविरहित कागदाच्या वळकट्या घालून, आणि चार महिन्यांनी घड्या बदलून.

कागद काढायला बसण्याआधी टॉप जमिनीवर पालथा पसरून प्रत्येक चौकोनाचा मागून फोटो घ्या. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून चौकोनांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाचे तुकडे त्याच क्रमांकाच्या वेगळ्या पाकिटात टाका. तारीख दिसली, गावाचं नाव दिसलं, तर क्रमांकासकट इथे कळवा. ओहायोत विकला गेला म्हणजे शिवला तिथेच असं नाही.